मदत हवी आहे: वॉरफरिन चालू असताना 'बा झेन' काढा चालतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापूरला असतो, सध्या सासूबाई आल्या आहेत. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) कायमचं, शिवाय बीपीची गोळी. त्यांना थकवा वाटतो म्हणून शेजारच्या चिनी आजींनी मायेने 'बा झेन'ची पुडी दिली. आठ वनस्पती असतात, कोंबडीच्या सूपमध्ये उकळतात. पुडीत डांग ग्वेई या चिनी औषधी मुळाचे पातळ पिवळट काप, काळी चिकट मुळं आणि ज्येष्ठमध दिसतोय. काल एक वाटी सूप पोटात गेलंसुद्धा. सासूबाई म्हणतात, "आपल्या काढ्यासारखंच तर आहे."

माझा जीव धास्तावलाय. डांग ग्वेईमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. जिनसेंग असेल तर उलट कमी होऊ शकतो. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतला तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. गरोदर बायकांना आणि ताप-सर्दीत तर चिनी वैद्यही हा काढा नको म्हणतात.

पुडी बाजूला ठेवलीय, सकाळी क्लिनिकला फोन करणार आहे. इथे कुणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट आहे का? एका वाटीसाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) लगेच तपासावा का? कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवू? आणि आजींना न दुखावता नाही कसं म्हणू?