कंपोस्ट टाकीचा वास

बी-३०२: टाकीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतोय. खिडक्या लावून बसायचं का आम्ही? सेक्रेटरीसाहेब, कृपया लक्ष घालावे.

सेक्रेटरी: पाहून आलो. सडक्या अंड्यासारखा वास आहे, म्हणजे आत हवा खेळत नाहीये. नाकाला झोंबणारा असता तर ओला माल जास्त झालाय म्हटलं असतं. शेवटचं कधी उलथलं?

ए-१०१: कचरा हे सरकारचं काम आहे. कर कशाला भरतो?

सी-५०४: तळाची भोकं गाळाने बुजलीत, पाणी साचलंय. टाकी उपसा, भोकं मोकळी करा. खाली वीतभर काटक्या. मग एक बादली ओल्यावर दोन बादल्या वाळका पाला. मूठभर घेऊन पिळायचं, एक-दोन थेंब आले की ओल बरोबर. धार लागली तर आणखी पाला. आठवड्यातून दोनदा वर-खाली करा.

ए-१०१: कचरा हे सरकारचं काम आहे.

सी-२०१: काकांचा मेसेज शंभर टक्के रिसायकल होतो 😄

सी-५०४: आणि बी विंगमधून येणाऱ्या त्या 'कंपोस्टेबल' पिशव्या बंद करा. बहुतेकांना मोठ्या प्रकल्पातली साठेक अंश उष्णता आठवडेच्या आठवडे लागते. आपली टाकी मधोमध कशीबशी ५५ गाठते. त्या नुसत्या गुंडाळून बसतात आणि हवा अडवतात.

बी-३०२: बी विंगच का दिसते? पार्किंगचा राग इथे काढू नका.

ए-४०३: काकांचं अर्धं बरोबर आहे हां. चकचकीत पाकीट घ्या. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले. कितीही धुऊन वाळवून ठेवा, ते थर घरात सुटणार नाहीत. ते बनवणाऱ्यालाच बदलायला लावावं लागतं. शिसंवालं पेट्रोल काय गिऱ्हाइकांनी नाकारून बंद झालं? देशोदेशी बंदी घालावी लागली, शेवटचा देश २०२१ मध्ये थांबला. ओझोन खाणारे गॅसही १९८७ च्या माँट्रियल करारानेच हटले.

ए-१०१: तेच म्हणतोय सकाळपासून!!

ए-४०३: पूर्ण वाचा ना काका. भंगारात देताना फ्रिजची नळी कापली की गॅस हवेत. फ्रिजमधला थंड करणारा गॅस आर-१३४ए असेल तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,३०० पट तापवतो. गॅस आधी सिलिंडरमध्ये काढून घेतात का, एवढं तर आपणच विचारायचं. तिथे कोण इन्स्पेक्टर उभा राहणार?

ए-१०१: मग टाकी बंद करा, सगळं गाडीत द्या. विषय संपला.

सी-५०४: कुठे संपला? डेपोच्या ढिगातही हवा नसतेच. तिथे मिथेन होतो.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ७ ला टाकी उपसू. फावडी दोन आहेत, हातमोजे सहा जोड. येणाऱ्यांनी फ्लॅट नंबर टाका.

सी-२०१: 👍 (घरूनच)

सेक्रेटरी: फ्लॅट नंबर टाका, अंगठे नकोत.

सी-५०४: ५०४.

बी-३०२: येते. पण पार्किंगचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

ए-१०१: कचरा हे सरकारचं काम आहे.