मदत हवी आहे: वडिलांसाठी शांत वाद्यसंगीत

सप्रेम नमस्कार. आम्ही बेळगावातील शहापूरचे. भजनी मंडळात पेटी वाजवण्यात हयात गेलेली असूनही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांना गाण्यातले शब्दच नकोसे झाले आहेत. परवा मात्र मी १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका लावली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार यांतून काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस उलगडतो. त्यातली अहीर भैरव रागातली पहाट सुरू झाली, तशी वडिलांची बोटे चादरीवर पट्ट्या दाबू लागली आणि कित्येक दिवसांनी त्यांनी आपणहून चहा मागितला. ज्यांच्या घरी कोणी खचले असेल, त्यांनी ती अवश्य ऐकवावी.

याच जातीचे, रात्री निजताना लावता येईल असे बागेश्री वा मालकंस रागातले बासरी किंवा सरोदवादन कृपया सुचवावे. ‘झाला’, म्हणजे वादनाच्या शेवटाकडचा जलद झंकाराचा भाग, त्यांना सोसत नाही (मलाही नाही), म्हणून आलापीवर, म्हणजे संथ, तालाविना केलेल्या रागविस्तारावर भर असलेलेच हवे. शिवाय, वडिलांनी ज्यांना बेळगावात समोर बसून ऐकले, त्या पं. रामभाऊ विजापुरे यांच्या एकल हार्मोनियमवादनाचे ध्वनिमुद्रण कोणाकडे आहे का? कॅसेट असली तरी चालेल, टेपरेकॉर्डर अजून चालू आहे.