केबल गार्डइतकाच केबलचा धागाही महत्त्वाचा

कंपाउंड धनुष्यात केबल बाणाच्या वाटेतून बाजूला धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे केबल गार्डवर, सरकपट्टीऐवजी रोलर बसवला की घर्षण कमी होते, हे एका प्रतिसादातील म्हणणे मान्य आहे. मात्र त्यामुळे कॅमचे (धनुष्याच्या टोकांवरील, प्रत्यंचा आणि केबल गुंडाळणाऱ्या चाकांचे) तिरके होणेही थांबते, हे त्याच प्रतिसादातील म्हणणे पटत नाही. बाणाला वाट मिळावी म्हणून केबल बाजूला ओढलेलीच राहते आणि तो आडवा ताण रोलरमुळे नाहीसा होत नाही. त्यावरचा खरा उपाय म्हणजे केबलचे टोक दुभंगून पात्याच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूच्या) दोन्ही बाजूंना जोडणे, किंवा धनुष्य ताणताना आत वाकणारा लवचीक गार्ड वापरणे.

चर्चेत न आलेला मुद्दा धाग्याचा आहे. ६० पौंडांच्या धनुष्याला ७५ टक्के लेट-ऑफ (पूर्ण ताणल्यावर हातावरच्या भारात होणारी घट) असेल, तर पूर्ण ताणल्यावर हातावर १५ पौंडच भार येतो. पण त्याच क्षणी पाती सर्वाधिक वाकलेली असतात आणि त्यांचा बहुतेक भार प्रत्यंचेऐवजी केबल पेलत असतात. डायनीमासारखा पॉलिएथिलीनचा धागा बळकट खरा, परंतु सततच्या ताणाखाली, विशेषतः उष्णतेत, तो हळूहळू कायमचा लांबतो आणि दोन्ही कॅमचा मेळ बिघडतो. व्हेक्ट्रान या दुसऱ्या कृत्रिम धाग्यात हा दोष जवळजवळ नाही, पण तो घासून लवकर विसविशीत होतो. म्हणूनच ४५२एक्ससारख्या धाग्यात दोन्हींचे मिश्रण असते. मे महिन्यात बंद मोटारीत धनुष्य ठेवणाऱ्यांनी (आपल्याकडे हे सर्रास चालते) नवा गार्ड विकत घेण्याआधी कॅमवरील जुळणीच्या खुणा तपासाव्यात.