घरी १२ बाय १८ चे फोटो प्रिंट करायचेत, कुठला प्रिंटर घेऊ?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, दरवर्षी सप्टेंबरात कासला जाणं होतं, हार्डडिस्क फोटोंनी भरलीये पण भिंतीवर एक फोटो नाही. आता घरीच प्रिंट काढायच्या असं ठरवलंय, ए४ नको, निदान १२ बाय १८ इंच तरी हवी. कॅमेरा २४ मेगापिक्सेल. निम्मे फोटो फुलांचे आणि निम्मे ब्लॅक अँड व्हाइट, किल्ले आणि पावसाळी ढग वगैरे. दुकानदार म्हणतो एप्सनचा एल१८०५० घ्या, टाकीवाला आहे, शाई स्वस्त पडते. मित्र म्हणतो घ्यायचा तर एप्सनचा पी७००च घे. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे हो. राहायला चिपळूणला, तेव्हा दमट हवेचंही सांगा.

शाईदौत:
मेगापिक्सेलची काळजी सोडा, ६००० बाय ४००० ची फाइल १८ इंचावर ३३३ पीपीआय (इंचाला ३३३ पिक्सेल) देते, भरपूर झालं.

एल१८०५० मध्ये सहा रंग, सगळे डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई. ग्लॉसी कागदावर फुलं इतकी झकास येतात की बघत राहावं. पण त्यात काळी शाई एकच आणि ग्रे नाहीच, म्हणजे ढगांमधले राखाडी टोन रंग मिसळूनच तयार होणार, आणि मग तीच प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी गुलाबी दिसू शकते. निम्मं काम ब्लॅक अँड व्हाइट असेल तर हे रोज डोळ्यात खुपेल. पी७०० मध्ये दहा शाया, पिगमेंट, म्हणजे बारीक रंगकणांच्या, त्यात ग्रे आणि लाइट ग्रे वेगळ्या, शिवाय व्हायोलेट, जी तुमच्या कासच्या जांभळ्या फुलांना कामी येईल. भिंतीवर उघडी लावलेली डायची प्रिंट उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने लवकर उडते, पिगमेंट कितीतरी जास्त टिकते. मात्र पी७००चं कार्ट्रिज जेमतेम २५ मिलीचं असतं, आणि हेड (शाई फवारणारा भाग) साफ करायला शाई जाते ती वेगळीच. वर्षातून एकदा कास झालं की प्रिंट काढणार आणि मग मशीन झाकून ठेवणार असाल तर कृपया घेऊ नका, आठवड्याला एखादी रंगीत प्रिंट निघालीच पाहिजे.

तिसरी घंटा:
मधला पर्याय कोणीच बोललं नाही, कॅननचा प्रो-२००. आठ शाया, डायच, पण ग्रे आणि लाइट ग्रे दोन्ही आहेत त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट बरंच न्यूट्रल येतं, आणि ए३ प्लस (१३ बाय १९ इंच) कागद घेतो म्हणजे १२ बाय १८ आरामात बसते. पण टाकी नाही, कार्ट्रिजच.

आणि माझं स्पष्ट मत, प्रिंटरपेक्षा कागद आणि प्रोफाइलवर जास्त लक्ष द्या. तेरड्याचा गुलाबी स्क्रीनवर पेटलेला दिसतो आणि कागदावर मातकट, कारण तो रंग त्या कागदाच्या आवाक्यातच नसतो. त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर कुठला रंग कसा उतरतो ते सांगणारी फाइल) टाकून आधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल ते स्क्रीनवरच बघा. मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा, १०० निट्सच्या (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास, नाहीतर प्रत्येक प्रिंट काळपटच वाटणार. आणि फोटोशॉपला रंग सांभाळायला सांगितलं की प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन बंद करायचं, दोघांनी एकदम हात घातला की रंगांचा विचका होतो. बाहेरच्या बाटलीतली स्वस्त शाई भरलीत तर कंपनीचं प्रोफाइल कामाचं राहत नाही हेही लक्षात ठेवा.

वऱ्हाडी लेन्स:
दमट हवेबद्दल, भाऊ, हेडसाठी ती बरी असते. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात नोझल (हेडची शाई सोडणारी भोकं) सुकतात, तुमच्याकडे तो त्रास कमी. त्रास कागदाला होईल. पाकीट उघडं ठेवू नका, लागेल तेवढाच कागद काढायचा आणि बाकीचा सिलिका जेलसकट झिपच्या पिशवीत. पावसाळ्यात ग्लॉसी बराच वेळ चिकट राहते, निदान एक दिवस मोकळी वाळू द्या मगच काचेत घाला. कॉटन रॅग, म्हणजे सुती कागद दमटपणाने लाटा धरतो, तो सपाट वजनाखाली ठेवा.

आणि प्रिंटर बंद करताना नेहमी त्याच्याच बटणाने, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटणाने बंद केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, नाहीतर उघडंच राहून सुकतं. लाइट सारखे जात असतील तर छोटा यूपीएस लावाच.

रानवाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. एल१८०५० बाद, ढग हिरवट झालेले मला चालणार नाहीत. आता प्रो-२०० की पी७०० एवढंच राहिलं. घेण्याआधी एक तेरड्याचा आणि एक ढगांचा फोटो दोन्ही मशीनवर काढून बघावा म्हणतो. पुण्यात किंवा मुंबईत अशी टेस्ट प्रिंट काढून देणारं कोणी माहीत असेल तर सांगा, कागद मी घेऊन येईन.