जपानी मासळीबाजार: तुम्ही काय पाहिलंत?

गेल्या नोव्हेंबरात शिमोनोसेकीच्या कारातो बाजारात गेले होते, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. बाजाराला लागूनच कानमोनची सामुद्रधुनी, पलीकडे क्यूशू बेट. शनिवार-रविवारी मासेवाले गाळ्यावरच सुशी मांडतात. हवे ते तुकडे निवडायचे, डबा घेऊन धक्क्यावर बसायचं आणि समोरून जाणारी जहाजं बघत खायचं. फुगू, म्हणजे तो विषारी फुगा मासा, तोही खाल्ला. तिथे त्याला 'फुकू' म्हणतात, म्हणजे भाग्य. चव अगदी सौम्य, पण चावायला चिवट.

मी वर्सोव्याची. कल्ले उघडून लाली बघितल्याशिवाय म्हावरं घ्यायचं नाही, हे आजीने शिकवलेलं. तिथे मात्र माशाला हात लावायचा नाही! मग तिथली माणसं मासा पारखतात कशी? तुम्ही काय पाहिलंत ते जरूर लिहा.

*

पारख बघायची तर तोयोसूला जा. टोकियोतला त्सुकिजीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तिथे हलला. (त्सुकिजीची बाहेरची दुकानं अजून तिथेच आहेत, गल्लत करू नका.) ट्यूनाचा लिलाव जवळून बघायचा तर आधी सोडतीत नाव लागावं लागतं. माझं तिसऱ्यांदा लागलं.

पहाटे साडेपाचला सज्जात उभा होतो. खाली शेपट्या छाटलेले ट्यूना ओळीने मांडलेले. खरेदीदार हातात टॉर्च आणि आकडी घेऊन फिरतात, शेपटीकडच्या कापावर उजेड टाकतात, मांसाचा कण चिमटीत घेऊन चोळतात. चरबी किती ते त्यांना बोटांना कळतं. मांसाचा लाल रंग नीट दिसावा म्हणून फरशीसुद्धा हिरवी. मग घंटा वाजली आणि लिलाववाल्याने सूर धरला. बोली बोटांच्या खुणांनी. एकेक मासा काही सेकंदांत गेला, मला तर कोणी कधी घेतला तेही कळेना.

५ जानेवारी २०१९ला इथे २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. तो वर्षाच्या पहिल्या लिलावाचा, मानाचा भाव. रोजचा व्यवहार त्यावरून मोजू नये.

*

कल्ल्यांच्या प्रश्नावर थोडं. इथे जपानात आमच्या गल्लीतल्या मासेवाल्या आजोबांनी मला 'इकेजिमे' दाखवलं. जिवंत माशाच्या मेंदूत टोचा मारायचा, रक्त काढून टाकायचं, मग कण्यातून तार घालायची. तडफड तिथेच थांबते, मांस ताठ व्हायला वेळ लागतो आणि चव राहते. असा मासा दुकानात तसं लिहूनच ठेवतात. त्यांच्याकडचा सावारा मासा नक्की घेऊन बघा. आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद आहे, तव्यावर तिखट-मीठ लावून फार छान होतो.

*

मी शाकाहारी. हाकोदातेच्या सकाळच्या बाजारात मुलाने टाकीतून गळाने माकूळ पकडलं, त्यांनी ते तिथल्या तिथे कापून दिलं. ताटलीत पाय हलत होते. मला बघवलं नाही. खरबूज मात्र इतकं गोड पुन्हा कुठे खाल्लं नाही.

*

मी २०१७ साली वाजिमाला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, पुढ्यात उघडून वाळवलेले मासे. नवरे समुद्रावर, बाजार बायकांच्या हातात. मी अलिबागच्या कोळीवाड्यात वाढले, मला वेगळं काही वाटलंच नाही. 'कोऽते कुदा', म्हणजे 'घ्या हो', अशी हाक मारत होत्या. एकीने वाळवलेल्या माशाचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

१ जानेवारी २०२४च्या भूकंपानंतर आग लागून तो रस्ता जळून गेला. बातमीतले फोटो बघून रात्रभर झोप लागली नाही. त्या बायकांनी मार्चमध्ये कानाझावाला जाऊन बाजार मांडला, नंतर गावोगावीही मांडू लागल्या. गेल्या वर्षी मी मुद्दाम कानाझावाला गेले. ती बाई काही दिसली नाही. हाक मात्र तीच होती. दोन पिशव्या भरून सुकं घेतलं.