ओव्हनशिवाय चॉकलेट प्रोटीन बार: दुसऱ्या दिवशी कडक होतात, काय करू?

सकाळची_धावपळ

नमस्कार मंडळी, व्यायाम झाला की हाताशी काहीतरी हवं म्हणून हल्ली घरीच चॉकलेट प्रोटीन बार करते. ओट्स, पीनट बटर, व्हे (दुधापासून काढलेली प्रोटीन पावडर), कोको पावडर आणि मध सगळं एकत्र मळायचं, ट्रेमध्ये थापायचं, वरून वितळवलेल्या डार्क चॉकलेटचा थर द्यायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचं, बास. केल्या दिवशी छान मऊ लागतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इतके कडक की सुरी दाबली की वरचं चॉकलेट तडकून निघून येतं आणि खालचा बार तसाच. शिवाय चॉकलेट वितळवताना कधीकधी अचानक घट्ट आणि रवाळ होतं, ते का? आणि एवढा मध, एवढं पीनट बटर घालून याला हेल्दी म्हणता येईल का, हेही सांगा. मला खरंच समजून घ्यायचंय.

चमचाभर

ताई, कडक होण्याचं मुख्य कारण तुमचं व्हे. ती कोरडी पावडर आहे, मळून झाल्यावरही हळूहळू ओलावा ओढत राहते आणि पुढे प्रोटीनचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. विकतच्या बारमध्ये यासाठी ग्लिसरीन घालतात, घरी त्याची गरज नाही. तुम्ही मध थोडा कमी करा आणि त्याजागी खजुराची पेस्ट घाला (बिया काढून गरम पाण्यात १० मिनिटं भिजवायचा आणि थोड्याशाच पाण्यात मिक्सरला फिरवायचा), खजुरात फायबर असल्याने तो ओलावा जास्त दिवस टिकवतो. आणि व्हे ओट्सपेक्षा जास्त कधीच नको.

अजून एक, मिश्रण मळलं की झाकून १०-१५ मिनिटं बाजूला ठेवा, मग हाताने दाबून बघा. सुरुवातीला चिकट वाटलं म्हणून लगेच वरून पावडर टाकली तर ओट्स आपला ओलावा ओढायच्या आधीच आपण ते कोरडं करून ठेवतो, बरेच बार इथेच बिघडतात. बोटांनी दाबल्यावर कडा न तुटता गोळा वळला आणि तळहाताला थोडासाच तेलकटपणा राहिला की झालं. भेगा पडल्या तर चमचाभर दूध.

वाटाण्याचं प्रोटीन किंवा केसीन (दुधातलंच दुसरं प्रोटीन) वापरणार असाल तर द्रव बराच जास्त लागतो हे लक्षात ठेवा, व्हेचं माप त्यांना चालत नाही.

आकडेमोड

हेल्दीचं उत्तर मापात आहे, म्हणून मी मापच देते. ओट्स १०० ग्रॅम (अर्धे भरड दळलेले), व्हे ६० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर २० ग्रॅम, पीनट बटर १२० ग्रॅम, खजूर १०० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ, मीठ विसरू नका कारण त्याने कोकोचा कडवटपणा मऊ होतो. याचे १६ गोळे वळा. एका गोळ्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन आणि १०० कॅलरी पडतात, वरून चॉकलेट लावलं तर त्याच्या वेगळ्या.

आता यातलं व्हे काढून बघा, प्रोटीन थेट ३ ग्रॅमवर येतं आणि कॅलरी मात्र ९० च्या आसपासच राहतात. म्हणजे नुसतं ओट्स आणि पीनट बटरचं काही केलं तर ते चांगलं खाणं आहे, पण त्याला प्रोटीन स्नॅक म्हणणं मला पटत नाही. पीनट बटरमध्ये १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण सोबत ५० ग्रॅम फॅटही असतं, ते चांगलं फॅट असलं तरी कॅलरी मोजाव्याच लागतात. खजूर आणि मध दोन्ही शेवटी साखरच, खजुरात फायबर आहे एवढा फरक. व्यायामानंतर दोन गोळे मस्त, टीव्हीसमोर डबा घेऊन बसायचं नाही. आणि पीनट बटर घेताना मागचं लेबल वाचा, नुसते शेंगदाणे आणि फार तर मीठ, वर तेल तरंगत असेल तर तळापासून ढवळून मगच मोजा, नाहीतर माप चुकतं.

कोकोवेडा

चॉकलेट रवाळ होतं ते पाण्यामुळे. ओला चमचा, भांड्याला राहिलेला थेंब, खालच्या पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ, एवढंही पुरतं, आतली साखर ते पाणी धरते आणि सगळं एकदम आवळून येतं. भांडं अगदी कोरडं पाहिजे, खालचं पाणी उकळतं नको, नुसतं वाफाळतं, आणि ते वरच्या भांड्याच्या तळाला लागता कामा नये. दोन तृतीयांश चॉकलेट वितळलं की खाली उतरवून ढवळत राहा, उरलेलं त्याच उष्णतेत वितळतं.

कापताना तडकू नये म्हणून १०० ग्रॅम चॉकलेटला एक छोटा चमचा खोबरेल तेल घाला, थर मऊ राहतो, पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं म्हणून असे बार डब्यात घेऊन उन्हात फिरू नका. थर पूर्ण सेट व्हायच्या आधीच सुरीने रेघा मारून ठेवायच्या आणि नंतर सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसून त्या रेघांवरच कापायचं.

सकाळची_धावपळ

किती छान समजावलंत सगळ्यांनी, आकडेमोडच्या मापाने या रविवारी गोळेच करते, कापायचा प्रश्नच नको. घरी एक वर्षाच्या आतलं बाळ आहे आणि दिराला दुधाने पोटात गुबारा धरतो, त्यांना चालेल का हे?

चमचाभर

बाळाला अजिबात नाही. एक वर्षाच्या आत मध देत नाहीत, बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) धोका असतो, आणि असे चिवट गोळे घशात अडकू शकतात, थोड्या मोठ्या मुलांनाही बारीक तुकडे करून समोर बसवूनच द्या. दिरांना लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, त्रास असेल तर व्हे आयसोलेट (जास्त शुद्ध केलेलं व्हे) बघा, त्यात लॅक्टोज फारच कमी असतं, पण दुधाची ॲलर्जी असेल तर तेही नको, सरळ वाटाण्याचं प्रोटीन घ्या आणि द्रव वाढवा. गोळे फ्रीजमध्ये बंद डब्यात आठवडाभर राहतात, जास्तीचे फ्रीजरला टाका आणि खायच्या १५ मिनिटं आधी बाहेर काढा.