एसी दुरुस्ती शिकायची तर: तीन महिन्यांचा कोर्स की आयटीआयची दोन वर्षं?

गारवा:
माझं मत स्पष्ट आहे. स्प्लिट एसी बसवणं आणि सर्व्हिसिंग एवढ्यासाठी तीन महिने पुरतात. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस धरले तरी ३०० तास होतात. काम ठरलेलं आहे: तांब्याची नळी कापणं, आतली धार काढणं, ४५ अंशांचा फ्लेअर (जोडणीसाठी नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवणं), नायट्रोजन भरून गळती तपासणं, व्हॅक्यूम (पंपाने नळीतली हवा आणि ओलावा खेचून काढणं), मग गॅस सोडायला व्हॉल्व्ह उघडणं. धार काढताना नळीचं तोंड खाली धरलं नाही तर तांब्याचा कीस आत जातो. फ्लेअरला बारीक चीर राहिली तर हळूहळू गॅस निघून जातो. पन्नासेक फ्लेअर केले की हात बसतो. त्यासाठी दोन वर्षं कशाला?

तारजोड:
बसवण्यापुरतं मान्य. पण ग्राहकाची तक्रार असते "थंड होत नाही", आणि तिथे तीन महिन्यांत शिकलेला मुलगा अडकतो. गेज लावतो, सक्शन प्रेशर (काँप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) कमी दिसलं की गॅस भरतो. फिल्टर तुंबला किंवा आतला पंखा मंद फिरत असला, तरीही सक्शन प्रेशर कमीच दिसतं! नंतर कोणी फिल्टर धुतला की गॅस जास्त झालेला असतो, द्रवरूपातच काँप्रेसरकडे परत जातो आणि काँप्रेसर बसतो. आधी हवा, मग अँपिअर, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), आणि शेवटी गॅस, हा क्रम वीज आणि शीतचक्र दोन्ही नीट समजल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडते. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ती उघडत नाही.

गारवा:
सोळा वर्षांच्या मुलाला हे सांगा, पटेल. घर चालवणाऱ्या तिशीतल्या माणसाने दोन वर्षं बिनपगारी कशी काढायची? आणि कार्यशाळेत आर-२२ या जुन्या गॅसची विंडो युनिटंच असतील तर दोन वर्षं काढूनही आर-३२ या नव्या गॅसचा हात येणार नाही. आर-३२ चं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतं. जुन्या आकड्यांची सवय लागलेला माणूस तिथे नक्की चुकतो.

तारजोड:
म्हणूनच तर घाई नको म्हणतोय. आर-३२ पेट घेऊ शकतो. नळीतली हवा गॅस सोडून बाहेर ढकलायची जुनी खोड इथे घातक आहे. इन्व्हर्टर एसीचा प्लग काढल्यावरही पीसीबीवरच्या (सर्किट बोर्डावरच्या) कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी काही मिनिटं टिकून असतो. थांबायचं, मीटरने मोजायचं, मगच हात घालायचा.

पाणवठा:
दोघांनाही एक विचारतो. महिने मोजण्याऐवजी साहित्य का मोजत नाही? पैसे भरण्याआधी कार्यशाळा पाहून या. एका व्हॅक्यूम पंपामागे किती जण? चारपर्यंत ठीक, पंधरा असतील तर अकरा जण नुसते बघत उभे. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल गेला ते मोजणारं) आहे का? साध्या गेजचा काटा तळाला टेकला म्हणजे ओलावा गेला असं नाही. ५०० मायक्रॉनखाली नेऊन पंप बंद करायचा आणि आकडा चढतो का ते पाहायचं. आर-३२ बरोबरचं तेल ओलावा पटकन शोषतं, त्याचं आम्ल बनतं आणि काँप्रेसरचं वाइंडिंग खातं. ब्रेझिंग (नळ्या तापवून धातूने सांधणं) करताना नळीतून मंद नायट्रोजन सोडतात का, तेही बघा. नाही सोडला तर आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरी (गॅस जाण्याची अगदी बारीक नळी) चोक होते.

तिशीतल्या माणसाने असा कोर्स करून वर्षभर हेल्पर म्हणून राहावं, मग इन्व्हर्टर पीसीबीचा वेगळा छोटा कोर्स करावा. दहावीच्या मुलाने मात्र आयटीआयच.

तारजोड:
हेल्परचं वर्ष धरलंत तर माझा निम्मा विरोध संपला. पण त्या वर्षात फक्त शिडी धरायला लावली तर? मिस्त्रीशी आधीच बोलून घ्या: आठवड्यातून किमान दोन तक्रारींचं निदान मुलाने करायचं, मिस्त्रीने फक्त तपासायचं.

गारवा:
हे कबूल. आणि प्रत्येक तक्रारीचं सक्शन प्रेशर, अँपिअर, जाळीतून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान वहीत लिहायचं. जवळपास ८ ते १२ अंशांचा फरक नसेल, तर गॅसच्या सिलिंडरला हात लावण्याआधी फिल्टर उघडायचा.